आइस हॉकीचा व्यावसायिक गोलरक्षक: पहिल्या पॅडपासून पहिल्या करारापर्यंतची वाट

नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजेच एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत आणि प्रत्येक सामन्यासाठी प्रत्येक संघ दोनच गोलरक्षक तयार ठेवतो. याचा अर्थ सगळे संघ एकाच रात्री खेळले तरी साऱ्या जगातून अवघ्या ६४ जणांना हे काम मिळते आणि त्यांतल्या निम्म्यांना ते बाकावर बसून करावे लागते. आघाडीचा नवखा खेळाडू चौथ्या फळीत रोज आठ-दहा मिनिटे खेळून अनुभव मिळवू शकतो. गोलरक्षकाला अशी अर्धी संधी कधीच मिळत नाही. त्याची कारकीर्द इतर खेळाडूंपेक्षा वेगळ्या हिशोबाने आखावी लागते, ती या कारणाने.

हा लेख ओंटारिओत, विशेषतः टोरंटो, मिसिसॉगा आणि ब्रॅम्प्टन परिसरात नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी आहे. आमचा मुलगा हाउस लीगपासून, म्हणजे परिसरातील मुलांच्या प्राथमिक लीगपासून, ज्युनियर ए (साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची वरची पातळी) आणि पुढे विद्यापीठाच्या संघापर्यंत गेला. त्या काळात जी माहिती आम्हाला तुकड्यातुकड्यांनी, बहुधा रिंकवरच्या कॉफीच्या रांगेत इतर पालकांकडून मिळाली, ती येथे क्रमाने मांडत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: गोलरक्षक उशिरा तयार होतो, त्यामुळे संघाचे मोठे नाव आणि प्रत्यक्ष खेळायला मिळणारा वेळ यांतून एकाची निवड करायची वेळ आली, तर वेळ निवडावा, आणि शिक्षणाचे दार कोणत्याही टप्प्यावर लावून घेऊ नये.

पायरी १: आधी स्केटिंग, गोल नंतर

गोलात उभे राहणाऱ्याला स्केटिंग कमी आले तरी चालते, हा नवख्या पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. गोलरक्षकाला दोन-तीन मीटरच्या जागेत जोरात सरकून तितक्याच झटक्यात थांबावे लागते, तेही प्रत्येक वेळी पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, रेषेत. नगरपालिकेच्या रिंकवर चालणारे स्केटिंगचे वर्ग किंवा स्केट कॅनडाचा कॅनस्केट हा कार्यक्रम यांपासून सुरुवात करावी. ते स्वस्त आहेत आणि पुरेसे आहेत. यू ७ आणि यू ९ (सात आणि नऊ वर्षांखालील) या गटांत मुलांनी आळीपाळीने गोलात उभे राहावे अशीच पद्धत आहे. त्या वयात कोणी 'कायमचा गोलरक्षक' व्हायचे म्हटले तरी त्याला दोन्ही प्रकारे खेळू द्यावे.

पायरी २: नोंदणी आणि कागदपत्रे

हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, परंतु नोंदणी त्याआधी वसंत ऋतूतच उघडते आणि चांगल्या संघटनांतील जागा उन्हाळ्यात भरून जातात. बर्फ पडू लागल्यावर चौकशी करणाऱ्या कुटुंबाला बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- पाल्याचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, आणि स्थलांतराचा कागद (पीआर कार्ड, अभ्यास किंवा कामाचा परवाना, जे लागू असेल ते)
- राहत्या पत्त्याचा पुरावा; कोणत्या संघटनेत खेळता येईल हे पुष्कळदा पत्त्यावरून ठरते
- 'रिस्पेक्ट इन स्पोर्ट' हा पालकांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. घरातील एका पालकाने तो करावा लागतो
- रोवन्स लॉ या ओंटारिओच्या कायद्यानुसार मेंदूला बसणाऱ्या धक्क्यांविषयीची माहिती वाचल्याची पोच; ती दरवर्षी नव्याने द्यावी लागते
- पूर्वी दुसऱ्या देशातील हॉकी महासंघाकडे नोंदणी झालेली असल्यास आंतरराष्ट्रीय बदलीची कागदपत्रे

शेवटची बाब अमेरिकेतून बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांच्या लक्षात हमखास राहत नाही आणि त्यापायी मूल पहिले कित्येक सामने बाहेर बसते. खर्च जड वाटत असेल, तर कॅनेडियन टायरची जंपस्टार्ट योजना आणि किडस्पोर्ट यांच्याकडे मदतीसाठी अर्ज करता येतो. त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. अनेक संघटना गोलरक्षकाच्या शुल्कात सवलत देतात, मात्र ती विचारल्याशिवाय सांगितली जाईलच असे नाही.

पायरी ३: साहित्य, आणि त्यातले खरे धोके

येथे थोडे थांबून लिहावे लागेल, कारण पैसेही येथेच जातात आणि दुखापतीही येथेच टळतात. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असतो, पक हा तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा, कडक रबराचा आणि सुमारे १७० ग्रॅमपर्यंत वजनाचा असतो, आणि तो गोठवूनच खेळात आणला जातो. गोलरक्षकाला लागते ते असे: मास्क, गळ्याचे संरक्षक, छाती आणि हातांचे कवच, ब्लॉकर, झेल घेण्याचा ट्रॅपर, गोलरक्षकाची जाड पँट, जांघेचे कवच, गुडघ्याचे संरक्षक, पायांचे पॅड, गोलरक्षकासाठी बनवलेले स्केट आणि रुंद पात्याची स्टिक.

पॅडवर '३२ अधिक १' असे आकडे असतात. पहिला आकडा पॅडच्या मूळ लांबीचा, इंचांत. दुसरा गुडघ्याच्या वर मांडीकडे जाणाऱ्या वाढीव भागाचा. मुलाची एकूण उंची पाहून पॅड घेणे ही चूक अगदी सर्रास होते. खरे माप घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे असते, आणि स्केट घालून मूल गुडघ्यांवर बसले असता गुडघा पॅडच्या आतल्या उशीच्या मध्यावर टेकतो की नाही, हे दुकानातच पाहावे. 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन इंच मोठा पॅड घेतला, तर तो पाय वळवताना आडवा येतो आणि मुलाला सरकण्याच्या वाईट सवयी लावतो. पॅडची रुंदी मात्र वयाबरोबर अमर्याद वाढत नाही. एनएचएलमध्येही ती ११ इंचांपेक्षा अधिक चालत नाही.

वापरलेले पॅड, पँट आणि स्टिक घेण्यास हरकत नाही. 'प्ले इट अगेन स्पोर्ट्स'सारख्या दुकानांत बाऊर, सीसीएम, वॉन, ब्रायन्स या कंपन्यांचे चांगले पॅड निम्म्या किमतीत मिळतात, आणि वरच्या दर्जाच्या नव्या प्रौढ पॅडची एकच जोडी दोन हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाते हे लक्षात घेता, मुलाची वाढ थांबेपर्यंत नवे घेणे मला तरी पटत नाही. मास्कच्या बाबतीत ही काटकसर नको. मास्कवर सीएसए या कॅनडातील मानक संस्थेचे चिन्ह असलेच पाहिजे. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या व्यावसायिकांच्या मास्कला डोळ्यांसमोर मोठ्या फटीची जाळी असते. ती बाल व किशोर गटांत चालत नाही, कारण स्टिकचे टोक त्या फटीतून आत जाऊ शकते. मास्कखाली लोंबणारी प्लास्टिकची पट्टी लावली म्हणजे गळा सुरक्षित झाला असेही समजू नये; बीएनक्यू या क्वेबेकच्या मानक संस्थेने प्रमाणित केलेले गळ्याचे संरक्षक वेगळे घालावे लागते. २२ मार्च १९८९ रोजी बफलो संघाचा गोलरक्षक क्लिंट मलारचुक याची मान स्केटच्या पात्याने चिरली गेली आणि तो जेमतेम वाचला. मुलगा 'गळ्याला टोचते' म्हणून कुरकुर करू लागला की हा प्रसंग त्याला जरूर सांगावा.

आज हे सारे सक्तीचे वाटते, तरी एनएचएलमध्ये मास्क नियमितपणे वापरण्याची सुरुवात झाली ती १ नोव्हेंबर १९५९ रोजी. त्या दिवशी न्यू यॉर्कमध्ये तोंडावर शॉट लागल्यावर माँट्रियालचा जाक प्लांट टाके घालून परतला आणि मास्कशिवाय उभा राहणार नाही, असे त्याने प्रशिक्षकांना सांगितले.

पायरी ४: गोलरक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक

संघाच्या सरावात गोलरक्षक बहुधा इतरांच्या शॉटचे लक्ष्य म्हणून उभा असतो. त्याला कोणी काही शिकवत नाही. त्यामुळे साधारण यू ११ पासून आठवड्यातून एकदा वेगळा प्रशिक्षक असणे उपयोगाचे ठरते. प्रशिक्षक पारखताना तो किती शॉट मारतो याकडे न पाहता, शॉट सुरू होण्यापूर्वी मुलाला कुठे उभे राहायला सांगतो, याकडे पाहावे. क्रीजमधील (गोलासमोर आखलेल्या भागातील) जागा, पकच्या रेषेतील कोन आणि उसळून आलेला पक कोणत्या बाजूला ढकलायचा, या तीन गोष्टी नीट बसल्या की बटरफ्लाय पद्धत, म्हणजे गुडघे टेकून पॅड दोन्ही बाजूंना पसरणे, सोपी होते. पॅट्रिक रॉय आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा आलेर यांनी १९८० आणि १९९०च्या दशकांत ही पद्धत सर्वत्र रुजवली. तिचा दुसरा परिणाम म्हणजे खुब्यांवर येणारा ताण. बॉस्टनचा टूका रास्क खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला खरा, परंतु २०२२ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. वर्षाचे बाराही महिने बर्फावर राहणाऱ्या मुलाच्या जांघेत किंवा खुब्यात दुखू लागले, तर ते 'स्नायू आखडले' म्हणून अंगावर काढू नये. उन्हाळ्यातील काही आठवडे बर्फापासून पूर्ण सुट्टी असावी आणि त्या काळात दुसरा एखादा खेळ खेळावा.

पायरी ५: संघ निवडताना

हाउस लीग, सिलेक्ट, ए, डबल ए, ट्रिपल ए अशी चढती उतरंड आहे. टोरंटो परिसरात बहुतेक ट्रिपल ए संघ ग्रेटर टोरंटो हॉकी लीगमध्ये खेळतात. निवड चाचणीला जाण्यापूर्वी प्रशिक्षकाला दोन प्रश्न सरळ विचारावेत: दोन्ही गोलरक्षकांत सामने कसे वाटले जाणार, आणि एक जागा आधीच कोणाला देऊन ठेवली आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा 'होय' असते, फक्त ते चाचणीचे शुल्क भरून झाल्यावर कळते. ट्रिपल ए संघात बाकावर बसण्यापेक्षा डबल ए संघात निम्म्याहून अधिक सामने खेळणे, विशेषतः यू १५ पर्यंत, अधिक लाभदायक असते.

उंचीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण आपल्या घरांतून हा प्रश्न नेहमी निघतो. आजचे एनएचएलमधील बहुतेक गोलरक्षक सहा फूट दोन इंच किंवा त्याहून उंच असतात आणि स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारे लोक, ते पाहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि नॅशव्हिलचा यूसे सारोस पाच फूट अकरा इंचांचा आहे. कॅल्गरीचा डस्टिन वुल्फ सहा फुटांचा; २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, तो २१४व्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ शेवटी निवडला गेला आणि २०२२–२३ मध्ये एनएचएलच्या लगेच खालच्या अमेरिकन हॉकी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कमी उंचीच्या मुलाला संधी मिळते, पण ती उशिरा मिळते आणि त्याला आकड्यांनी ती पुन्हापुन्हा सिद्ध करावी लागते.

ते आकडे कसे वाचायचे हेही समजून घ्यावे. शॉट अडवण्याची टक्केवारी एनएचएलमध्ये अलीकडे ९०च्या आसपास असते. सामन्यात ३० शॉट आले, तर ९० टक्केवाल्याकडून तीन गोल होतात आणि ९२ टक्केवाल्याकडून सरासरी २.४. फरक किरकोळ वाटतो, पण ५० सामन्यांत तो ३० गोलांचा होतो. मुलाच्या पाच-सहा सामन्यांवरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. दुबळ्या संघामागे उभ्या राहिलेल्या गोलरक्षकाची टक्केवारी त्याच्या बचाव फळीविषयीच अधिक सांगते.

पायरी ६: सोळाव्या वर्षाचा फाटा

हीच सर्वांत गोंधळाची पायरी आहे, आणि तिचे नियम नुकतेच बदलले असल्याने जुन्या पालकांचा सल्ला येथे चुकीचा ठरू शकतो.

कॅनेडियन हॉकी लीगच्या छत्राखाली ओंटारिओ, पश्चिम आणि क्वेबेक अशा तीन मेजर ज्युनियर लीग आहेत. ओंटारिओ हॉकी लीग यू १६ गटातील मुलांची निवड दरवर्षी आपल्या ड्राफ्टमधून करते. पूर्वी या लीगमध्ये खेळलेला मुलगा अमेरिकेतील एनसीएएच्या पहिल्या विभागात, म्हणजे तेथील विद्यापीठांच्या हॉकीत, अपात्र ठरत असे. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एनसीएएने हा नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनियरचे खेळाडूही तेथे खेळू शकतात, मात्र त्यांना प्रत्यक्ष व आवश्यक खर्चापलीकडे मोबदला मिळालेला नसावा. त्यामुळे कोणतीही रक्कम स्वीकारण्यापूर्वी ती कशापोटी आहे, हे लेखी घ्यावे.

यातून तीन वाटा उघड्या राहतात. पहिली, ओंटारिओ हॉकी लीग: सामने पुष्कळ, प्रवास पुष्कळ, आणि खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षण शुल्काची तरतूद, ती ठरावीक मुदतीत वापरावी लागते आणि व्यावसायिक करार केल्यास तिच्या अटी बदलतात, म्हणून करारपत्रातील ते पान वकिलाकडून वाचून घ्यावे. दुसरी, ज्युनियर ए मधून एनसीएए: आठवड्याला कमी सामने, व्यायामाला अधिक वेळ आणि हातात पदवी. कॉनर हेलेबक याच वाटेने मॅसॅच्युसेट्स लोवेल विद्यापीठात गेला. २०१२ मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला हा गोलरक्षक २०२५ मध्ये एनएचएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. तिसरी वाट कॅनडातील विद्यापीठांची. तिला लोक कमी लेखतात. पण लोगन थॉम्पसन याला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते. तो सेंट कॅथरिन्सच्या ब्रॉक विद्यापीठाकडून २०१८–१९ मध्ये खेळला, तिथून खालच्या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि पुढे व्हेगास व वॉशिंग्टनचा गोलरक्षक झाला.

यांतला सापळा शाळेत आहे, रिंकवर नाही. एनसीएएसाठी नववी ते बारावीच्या वर्षांत १६ ठरावीक मूलभूत विषय पूर्ण करावे लागतात. ओंटारिओच्या शाळेत विषय निवडताना समुपदेशकाला हे आपणहून सांगावे लागते. अकरावीत जाग आली तर गाडी बहुधा सुटलेली असते.

पायरी ७: सल्लागार आणि एजंट

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पालकांना स्पर्धांमध्ये गाठून 'तुमच्या मुलाला ड्राफ्ट करून देतो' असे सांगणारे लोक भेटतात. आमच्याकडेही असा एक गृहस्थ आला होता आणि त्याने आगाऊ रक्कम मागितली होती. खेळाडूंच्या संघटनेकडे, म्हणजे एनएचएलपीएकडे, नोंद असलेल्या एजंटांची यादी उपलब्ध असते; तीत नाव नसेल तर बोलणे तिथेच संपवावे. चांगला सल्लागार या वयात घाईने काहीही सही करायला लावत नाही.

पायरी ८: एनएचएलचा ड्राफ्ट

ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण झालेला खेळाडू पात्र ठरतो. फेऱ्या सात असतात. गोलरक्षकांबाबत संघांचे अंदाज इतके चुकत आले आहेत की निवडीचा क्रमांक मनाला लावून घेऊ नये. २००० मध्ये रिक डिपिएत्रो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट होता, जो पुढे न्यू यॉर्कचा नामवंत गोलरक्षक झाला. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९वा होता आणि हंगामातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा पहिला व्हेझिना चषक त्याला विशी संपत आली तेव्हा मिळाला. पुढे आणखी पाच मिळाले. पुढे अव्वल ठरलेल्या सर्गेई बोब्रोव्स्कीला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेच नव्हते.

पायरी ९: करार आणि खालच्या लीग

१८ ते २१ या वयात केलेला पहिला करार तीन वर्षांचा असतो. तो बहुधा 'टू-वे' असतो, म्हणजे एनएचएलमध्ये खेळल्यास एक पगार आणि अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळल्यास दुसरा. २०२५–२६ मध्ये एनएचएलचा किमान वार्षिक पगार ७,७५,००० अमेरिकी डॉलर आहे. खालच्या लीगचा आकडा पुष्कळ तरुणांच्या बाबतीत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहतो. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा पहिला असतो, घर चालवणारा दुसरा. त्याखाली ईसीएचएल आहे. तेथे पगार आठवड्याचा आणि राहण्याची सोय संघाची.

खाली पाठवताना दुसरा संघ त्याला उचलून नेईल अशी भीती न बाळगता संघ तरुण गोलरक्षकाला वर्षानुवर्षे वरखाली पाठवू शकतो, आणि ही सूट गोलरक्षकाच्या बाबतीत इतर खेळाडूंपेक्षा अधिक वर्षे चालते. म्हणून वर दोन पक्के गोलरक्षक असलेल्या संघात अडकणे फार महाग पडते. यावर नियमांतच एक सुटका आहे: वय २५ पूर्ण, किमान तीन व्यावसायिक हंगाम आणि एनएचएलचे २८ पेक्षा कमी सामने झालेले असतील, तर करार संपताच गोलरक्षक पूर्णपणे मुक्त होतो. एजंटाशी पहिल्या करारावर बोलतानाच ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

ओंटारिओच्या रिचमंड हिलचा जॉर्डन बिनिंग्टन २०११ मध्ये निवडला गेला, अनेक वर्षे खालच्या लीगमध्ये राहिला, एका हंगामात तर दुसऱ्याच संघाच्या शाखेत उसना पाठवला गेला, आणि जानेवारी २०१९ मध्ये पंचविसाव्या वर्षी संधी मिळताच त्याच वर्षी सेंट लुईसला स्टॅन्ली चषक जिंकून देणारा गोलरक्षक ठरला. टिम थॉमस फिनलंड आणि स्वीडनमध्ये खेळून तिशी ओलांडल्यावर बॉस्टनचा नियमित गोलरक्षक झाला. युरोपातील लीग म्हणजे हद्दपारी नव्हे. बाविसाव्या वर्षी ईसीएचएलमध्ये बाकावर बसण्यापेक्षा तेथे चाळीस सामने खेळणे मी केव्हाही बरे म्हणेन.

मनावरच्या ताणासाठीही तरतूद हवी. सलग ५०२ पूर्ण सामने खेळणारा ग्लेन हॉल सामन्यापूर्वी ओकत असे आणि त्या काळी त्याचे कौतुक होई. आता खेळाडूंसाठी समुपदेशनाची सोय आहे. आपला आजार उघडपणे सांगणाऱ्या रॉबिन लेनरला २०१९ मध्ये चिकाटीसाठीचा मास्टरटन चषक मिळाला.

पायरी १०: मुलींसाठी

मुलींची वाट वेगळी आहे आणि काही बाबतींत सरळ आहे. १९९२ मध्ये मॅनाँ रेओम टॅम्पा बेकडून एनएचएलच्या सराव सामन्यात खेळली, तेव्हा स्त्रियांसाठी टिकाऊ व्यावसायिक लीगच नव्हती. १ जानेवारी २०२४ रोजी पीडब्ल्यूएचएल ही स्त्रियांची व्यावसायिक लीग सुरू झाली. पहिला सामना टोरंटोतच झाला. २०२५–२६ मध्ये तिच्यात आठ संघ आहेत आणि प्रत्येक संघ तीन गोलरक्षक ठेवतो. पहिल्या हंगामात किमान पगार ३५,००० अमेरिकी डॉलर होता, त्यामुळे बहुतेक खेळाडू विद्यापीठ संपवूनच तेथे येतात आणि पदवी ही येथे खरोखरच कामाची ठरते. ओंटारिओत मुलींच्या हॉकीची नोंदणी ओडब्ल्यूएचए या स्वतंत्र संघटनेकडे करावी लागते. मुलगी मुलांच्या संघात खेळू शकते, आणि तेथे वेगवान शॉटची सवय चांगली होते. परंतु विद्यापीठांचे स्काउट मुलींच्या स्पर्धांना येतात, म्हणून यू १५ च्या सुमारास तिला मुलींच्या संघात आणावे आणि नववीपासूनच वरच्या १६ विषयांची यादी तिच्यासाठीही समुपदेशकासमोर ठेवावी.